शामलाचा शॉट

मारोतरावांचं म्हणणं असं, की सिनेमातलं प्रत्येक मोठं बक्षीस चुकीच्या माणसाला गेलेलं आहे. कोराडीच्या कॉलनीत हे त्यांनी इतकी वर्षं आणि इतक्या मोठ्या आवाजात सांगितलं, की बदलून आलेल्या नव्या माणसाला लोक आधी बसथांबा दाखवायचे आणि मग मारोतराव. वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर कॉलनीच्या मागेच त्यांनी घर बांधलं, आमच्या घराला लागून. त्यामुळे या माणसाची मतं मी भिंतीआडूनही ऐकलेली आहेत.

टीव्हीवर बक्षिसांचा कार्यक्रम झाला, की दुसऱ्या सकाळी टपरीवर यांचा कार्यक्रम. आपला विजेता जाहीर करायचा आणि त्याच्या नावाने एक चहा जास्तीचा सांगायचा. तो चहा तिथे जो कोणी असेल त्याने विजेत्याच्या वतीने प्यायचा, असा नियम. एकदा भाजी घेऊन परत येताना मी सापडले आणि कुठल्याशा म्हाताऱ्या नटाच्या वतीने चहा पिऊन आले. तो नट कोण, ते मला अजून माहीत नाही.

हिरोला त्यांनी कधी बक्षीस दिलं नाही. त्यांची कसोटी वेगळी होती. "हिरो रडून राहिला तं सारेच त्याच्याकडे पाहतात," ते म्हणायचे. "त्याच्या मागं जो ताट धुऊन राहिला, त्याले पाहा. कॅमेरा आपल्यावर नाही हे मालूम असूनही तो ताट नीट धुते का?"

हे खूळ कुठून आलं ते मला माहीत होतं, कारण मी तिथे हजर होते.

सत्त्याऐंशी साली आमच्याकडे 'राख का मौसम' नावाच्या पिक्चरचं शूटिंग झालं. केंद्राच्या फाटकासमोर बसथांब्याचा सीन होता आणि गर्दीला माणसं हवी होती, म्हणून त्यांनी कॉलनीतल्या बायांना उभं केलं. मी ठेवणीतली साडी नेसून गेले. मारोतरावांची बायको शामला मात्र शूटिंगला आलीच नव्हती. मारोतरावांची त्या दिवशी डबल ड्युटी होती, ती त्यांना डबा द्यायला चालली होती. तिलाही हाताला धरून माझ्या शेजारी उभं केलं. सगळ्यांनी हिरोकडे बघायचं, असं सांगितलं होतं. आम्ही डोळे फाडून बघितलं. शामला बघत होती फाटकाकडे, कारण तेवढ्यात मारोतराव डबा घ्यायला बाहेर आले. ती जराशी हसली आणि तेवढं कॅमेऱ्यात आलं.

पिक्चर लागला तेव्हा आम्ही सगळे नागपूरला जाऊन बघून आलो. माझ्यासमोर एका जाड्या नटाने छत्री उघडली होती, त्यामुळे माझं फक्त कोपर दिसतं. त्या छत्रीवरचा राग माझा अजून गेलेला नाही. कोपराच्या पलीकडे, पडद्याच्या अगदी कडेला, शामला. डबा घेऊन उभी, हिरोला पाठमोरी, पडद्याबाहेरच्या कोणाकडे तरी बघून हसणारी. तो कोणीतरी कोण, हे अख्ख्या थिएटरात तेव्हा एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माझ्या पुढच्याच रांगेत बसून नाक शिंकरत होता.

मुलगा दुर्गेश दहावीत असताना शामला काविळीने गेली. तेव्हा मोबाइल नव्हते. घरात तिचे दोन-तीन फोटो आहेत, पण फोटोवाल्याने ताठ बसवलेली ती बाई कोणी वेगळीच वाटते. हलणारी, मान वळवणारी, हसणारी शामला फक्त त्या पिक्चरमध्ये होती.

पुढे कंपनीने तो पिक्चर यूट्यूबवर टाकला आणि मारोतरावांना जणू घर परत मिळालं. रोज संध्याकाळी चहा झाला की फोन उघडायचा आणि तो शॉट बघायचा. आधी येणारी जाहिरात ते पूर्ण बघत, मध्येच कापत नसत. जाहिरात पाहिली की आपलं तिकीट फिटलं, असा त्यांचा हिशोब. दुर्गेशने किती वेळा सांगितलं की बाबा, पेनड्राइव्हमध्ये उतरवून देतो, कायमचं राहील. पण या माणसाने उभ्या आयुष्यात चोरीचा पिक्चर पाहिला नव्हता. कॉलनीत व्हिडिओ पार्लर होतं तेव्हा त्याच्या दारात उभं राहून भांडलेले हे. त्यांनी पोराला झाडलं, "चोरीचा माल घरात नको मले. तुह्या मायले मी चोरून पाहू काय?" दुर्गेश पुण्याला निघून गेला आणि विषय तिथेच संपला.

मग 'राख का मौसम' पुन्हा काढणार अशी बातमी आली. मारोतरावांनी टपरी डोक्यावर घेतली. खराब झाला तो पिक्चर पुन्हा काढा ना, त्याला गरज आहे; जो चांगला जमला त्याच्याच मागे काहून लागता, हा त्यांचा सवाल होता. मला तो पटलाही होता. पण कोराडीतून विचारलेल्या सवालाचं उत्तर द्यायला मुंबईत कोणी मोकळं नसतं.

नवा पिक्चर लागायच्या आठवड्यात ते फोन हातात घेऊन आमच्या दारात आले. फोन बिघडला असेल, जरा बघा म्हणाले. फोन ठणठणीत होता. पडद्यावर फक्त एक ओळ होती: हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही. नव्याच्या धंद्यासाठी कंपनीने जुना काढून घेतला होता.

माझ्यादेखत त्यांनी दुर्गेशला फोन लावला. आवाज इतका खाली मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "चोरीचा असंन तरी चालते," ते म्हणाले. "कुठं भेटते का पाह्य गा."

दुर्गेशने शोध शोध शोधलं. मिळाली ती टीव्हीसाठी कापलेली प्रत, तिच्यात बसथांबाच नाही. कंपनीला त्याने लिहिलं, तिकडून उत्तर आलं नाही. चोरांनीसुद्धा तो शॉट ठेवण्यासारखा मानला नव्हता. मला राग आला तो मारोतरावांचाच आला. इतका इमानदार माणूस, आणि इमान कोणाशी तर ज्यांना याचं नावही माहीत नाही त्यांच्याशी. पण तोंडावर बोलायची हिंमत मला झाली नाही.

टपरीवर कोणी म्हणालं, की नव्या पिक्चरच्या शेवटी जुन्यातले तुकडे दाखवतात. झालं, मला सोबत घेऊन मारोतराव बसने नागपूरला आणि मॉलमध्ये वर. ज्या पिक्चरला शिव्या घातल्या त्याचं तिकीट त्यांनी रीतसर काढलं. पिक्चरबद्दल काय सांगू? बसथांबा विमानतळ झाला होता आणि राख कुठेच नव्हती. लोक उठून गेले, नावं सुरू झाली, झाडूवाल्या बाया खालचं पॉपकॉर्न गोळा करायला लागल्या. आणि खरंच, नावांच्या बाजूला छोट्याशा चौकटीत जुने तुकडे येऊ लागले. मारोतराव खुर्चीच्या कडेवर सरकले.

बसथांबा आला. हिरो आला, छत्री आली, माझं कोपर आलं. चौकट तिथेच संपली.

शामला कापली गेली होती. दुसरा तुकडा लागला, मग दिवे लागले. मारोतराव म्हणाले, "तुमचं कोपर चांगलं दिसलं, वयनी." मी तिथेच पदर डोळ्यांना लावला. कधी नव्हे ते त्या कोपराची मला लाज वाटली.

यंदा बक्षिसांचा कार्यक्रम झाला, दुसऱ्या दिवशी ते टपरीवर गेले आणि एकच चहा पिऊन आले. विजेता कोणी विचारलाही नाही. संध्याकाळी ते अजून फोन उघडतात, ती ओळ वाचतात आणि फोन ठेवतात.

परवा कुंपणाशी आले. मी कपडे वाळत घालत होते.

"वयनी, तुम्ही तं तिच्या बाजूलेच होत्या," ते म्हणाले. "डबा तिनं कोणत्या हातात धरला होता?"

मला आठवेना. मी तेव्हा हिरोकडे बघत होते. तरी ठामपणे सांगितलं, "उजव्या."

"मले डावा वाटते," ते म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. बघून खात्री करावी असं आता कुठे काही उरलेलं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.