‘चाल’ म्हणजे काय

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते घरी यायच्या आधीच मी गुजरातमधल्या वासणा भागातला आमचा फ्लॅट तयार ठेवला. सतरंज्या गुंडाळल्या, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली, पलंगाखाली विटा लावल्या, फिजिओथेरपीला येणारी मुलगी ठरवली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: नव्वदीत लवकर पायांवर उभे राहिले नाहीत तर पुढे अंथरुणच. आणि पुन्हा पडले तर विचारूच नका.

फिजिओ मुलगी गुजराती, हसरी. पहिल्या सकाळी तिने बाबांना वॉकर धरून उभं केलं, दाराशी जाऊन थांबली आणि टाळी वाजवून म्हणाली, “चालो दादा, चालो!” दादा म्हणजे गुजरातीत आजोबा.

बाबांनी वॉकर सोडला आणि धावले. म्हणजे धावायला गेले. पहिल्याच पावलाला गुडघा लचकला. मागून मी कव घातली, पुढून ती झेपावली, म्हणून वाचले.

“दादा, क्यां भागो छो?” कुठे पळताय, असं विचारताना तिचा चेहरा पांढरा पडला होता. जाताना मला म्हणाली, “बेन, एक वार मगजना डॉक्टरने बतावी जुओ.”

मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा म्हणण्यात तिचं चुकलं नव्हतं. अलीकडे बाबा मला मधूनच आईच्या नावाने हाक मारत. मी त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली.

दुपारी वरणभात देताना विचारलं, “बाबा, वॉकर का सोडलात?”

“ती ओरडली ना, चाल म्हणून!” ते चिडले. “आता नाही चुकणार मी.”

तेव्हा मला ती मॅच आठवली. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात बाबा ती सांगत. पन्नासच्या दशकात ते साताऱ्याहून इथल्या एका मिलमध्ये लागले आणि लगेच मिलच्या क्रिकेट टीममध्ये गेले. गुजराती अजून कानात बसली नव्हती. अंतिम सामना, शेवटची जोडी, जिंकायला दोन धावा. समोरच्या गुजराती फलंदाजाने कव्हरकडे चेंडू मारला आणि ओरडला, “चाल!” गुजरातीत त्याचा अर्थ ‘चल, पळ’; बाबांना वाटलं, चौकार गेला, आता निवांत चाल म्हणतोय. ते बॅट काखेत धरून चालू लागले. चेंडू सीमेच्या अलीकडेच अडला, फेक आली, बेल्स उडाल्या. एका धावेने हरले.

“भला माणस, में चाल कह्युं हतुं!” मी ‘चाल’ म्हटलं होतं, म्हणून तो फलंदाज भडकला.

“मग चालतच होतो की!”

पुढे कितीतरी दिवस मिलच्या फाटकावर कोणी ना कोणी विचारायचं, “केम भाऊ, फरवा नीकळ्या?” म्हणजे, काय, फिरायला निघालात? हे सांगताना बाबांच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं. ते हसण्याचंच असणार, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला जिन्यातच गाठलं. “चालो म्हणू नकोस. त्यांना ते ‘पळा’ असं ऐकू येतं.”

“तो शुं कहुं?”

“सावकाश म्हण.”

तिने तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला. मग आत जाऊन म्हणाली, “सावकास, दादा. सावकास.”

बाबा हसले नाहीत. वॉकर उचलला, टेकवला, पाऊल टाकलं. पुन्हा उचलला. मी त्यांच्या मागे हात पुढे करून चालत होते, कपाळावरचा घामही पुसला नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ते थांबले. वाकून वॉकर उंबऱ्यापलीकडे सरकवला, क्रीजमध्ये बॅट टेकवावी तसा टेकवला, आणि घट्ट धरून तसेच उभे राहिले. तोंड एवढंसं झालेलं. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “आत आहे ना?”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

“आत आहे, बाबा,” मी म्हणाले.

त्यांनी श्वास सोडला. मी मागे खुर्ची सरकवली, त्यांना बसवलं, पाणी दिलं. न्यूरॉलॉजिस्टची वेळ मात्र मी रद्द केली नाही.