एकाच बंदुकीचा सामना

शहागंजातले आमचे घरमालक चाचा यांच्याइतका न्यायी माणूस सबंध मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तोही असाच एकटा राहत असणार. कापडाचा धंदा मुलांनी गुलमंडीवर नेला, घरंही तिकडेच केली. मागे राहिले चाचा आणि वरच्या मजल्यावरचं लांबलचक रिकामं गोदाम. त्यात चाचांनी नेमबाजीचा क्लब काढला. छर्ऱ्यांची एक जुनी रायफल, पलीकडच्या भिंतीशी फळी, फळीवर काळ्या वर्तुळांचे कागद. खाली भाड्यानं आम्ही. सकाळी वरून 'फट्' आवाज आला की आमची ही चहाचं आधण ठेवते.

क्लब सगळ्यांना खुला, पण नियम चाचांचे. बंदूक एकच, कारण ज्याच्या बापाची ऐपत जास्त त्याचा नेम चांगला, हे त्यांना मंजूर नव्हतं. एका वकिलाच्या चिरंजीवांनी भारी परदेशी रायफल आणली. चाचांनी तिची तोंडभरून तारीफ केली आणि त्या दिवशी सगळ्यांना तीच चालवायला लावली. शेजारच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी तिच्यानं पहिला नंबर काढला. चिरंजीव पुन्हा दिसले नाहीत. पोस्टातल्या एका कारकुनाला गुडघ्यामुळे उभं राहवत नसे, तर चाचांनी सगळ्यांनाच स्टुलावर बसवलं. धडधाकट माणसं बालवाडीतल्यासारखी ओळीनं बसून नेम धरायची. तिसरा नियम सगळ्यांत कडक होता. आपला कागद आपण वाचायचा नाही, गुण समोरच्या खेळाडूनं सांगायचे.

मग क्रांती चौकाच्या बाजूला थंडगार हवेचा नवा क्लब निघाला. तिथं गुण मशीनच सांगतं. एकेक करून सगळे तिकडे गेले, शिंपीणबाईसुद्धा. चाचांनी कुणाला बोल लावला नाही. तिथं स्टूल ठेवतात का, एवढंच विचारलं. मुलांना मात्र माल ठेवायला गोदाम हवं होतं. रविवारचा सामना होतोय तोवर जागा अब्बांची, असं त्यांनी कबूल केलं होतं, आणि आता सामन्याला माणूसच उरला नव्हता.

एकदा भाडं द्यायला वर गेलो, तर खिडकीत कागदांची चळत पालथी पडलेली. आठवडाभर मारलेले, एकही न पाहिलेला. मी म्हटलं, "चाचा, बघा की स्वतःच. कोण बघतंय इथं?"

"मी बघतोय ना," चाचा म्हणाले. मग रायफल पुसता पुसता खालच्या आवाजात म्हणाले, "लोक गेले त्याचं काय नाय, भाऊ. पण कागद वाचायला कुणीतरी पायजे. नाय तर नुसता आवाज हाय."

मला गलबलून आलं. वाचतो म्हणालो, तर बघ्याला तो हक्क नाही असं कळलं. आधी खेळायला हवं. अशा रीतीनं ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही असा मी नेमबाज झालो, आणि रविवारचा सामना चालू राहिला. दर रविवारी मी सपाटून हरायचो आणि चाचा शिकवणी घ्यायचे.

गेल्या रविवारी मात्र त्यांचा हात थरथरत होता. माझे छर्रे कधी नव्हे ते कागदाला लागत होते. वाचायला बसलो, तर शेवटच्या कागदापर्यंत बरोबरी. त्यांचं भोक रेघेच्या अगदी कडेला होतं. शिवलं म्हणावं तर नऊ, नाही तर आठ. खरं तर शिवलं नव्हतं. मी कागद उजेडाला धरून उगाच रेंगाळलो.

"खैरात नको भाऊ," चाचा म्हणाले. "खरं सांग."

"आठ," मी म्हणालो.

त्यांनी माझा कागद घेतला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि उभं राहून रिकाम्या गोदामाला रीतसर जाहीर केलं, नऊ, सामना भाऊंनी जिंकला. टाळ्याही स्वतःच वाजवल्या. मला मान वर करवेना. ते मात्र कित्येक महिन्यांत दिसले नव्हते एवढे खुशीत होते.

"लई दिवसांनी हरलो," ते म्हणाले. "आता पुढच्या रविवारी उट्टं काढायचं हाय. येशील ना?"

येईन म्हणालो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच वरून 'फट्' आवाज आला. हिनं चहाचं आधण ठेवलं. तो कागद आता खिडकीत पालथा पडणार आणि मी रविवारी वर जाईपर्यंत तसाच राहणार.