उलटीची दुसरी सुई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — ती गेली तोवर नाही. आज तुम्हाला सांगतोय. आजच का, ते मलाही नीट कळत नाही.

सत्तरच्या दशकात रहिमतपूरजवळच्या एका खेड्यात माझा दवाखाना होता. त्या भागात माझं नाव झालं ते एका दुपारच्या प्रसंगामुळे. लोकांनी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली, की — खरं सांगू? — मलाही ती तशीच घडल्यासारखी वाटू लागली होती.

शालन नावाची नवी सून. नवरा फौजेत, रजेचे चार दिवस उरलेले. आदल्या दिवशी उलट्या होतात म्हणून तिला आणलं होतं, सुई देऊन घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून पुन्हा आणलं — मान डाव्या खांद्याकडे पिळलेली, डोळे वर चढलेले, जबडा एका बाजूला ओढलेला, जीभ बाहेर. मागे अर्धं गाव. सासू गाडीतूनच ओरडत होती, "आवं डाक्टर, ह्यात तुमचं काय काम न्हाई! बाहेरचं हाय हे. फसवून गळ्यात मारली आमच्या. आजच म्हायेरी घालवती हिला!"

नवरा खाली बघत उभा. आणि मी? फिट आली समजून मी कपाटातल्या बाटल्या चाळत होतो.

ओळखलं ते सायराबाईंनी, माझ्या नर्सने. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, मिरजेला शिकलेल्या. शालनच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "पोरी, ऐकू येतंय? माझं बोट दाब." शालनने दाबलं. डोळ्यांतून पाणी ओघळलं. फिट आलेल्याला असं भान कुठून असणार? ही तर पुरती शुद्धीत होती. उलटी थांबवायच्या औषधाने कधीकधी स्नायू असे आखडतात, तरुण माणसांत जास्त — सायराबाईंनी ते आधी पाहिलेलं होतं. त्यांनी ॲलर्जीवरचं इंजेक्शन भरलं, माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाल्या, "हे द्या डॉक्टर. यानं सुटतं."

मी दिलं. सगळ्यांच्या देखत.

आधी जबडा सैल झाला. मग डोळे खाली आले. मग ती मान — अजून दिसते मला — जरा जरा करत सरळ आली. पंधरा मिनिटंही झाली नसतील. शालन उठून बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "आत्याबाई, पाणी द्या जरा."

काय गलका उठला! नवरा रडतही होता, हसतही होता. कुणीतरी ओरडलं, "देवरुषाला घरी बसवला की रं डाक्टरनं!" असा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पण सासू हटली नाही. "आन परत आलं तर? हिच्यातच खोट आसंल तर?"

सायराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शालननेही पाहिलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं — आणि ते येईना.

कारण आदल्या दिवशी सकाळी सुई देऊनही ही मंडळी संध्याकाळी परत आली होती. "सकाळची उतरली, आणिक एक मारा." आमच्याकडे सुई टोचल्याशिवाय दवाखाना झाल्यासारखा वाटत नाही कुणाला. पडद्याआड आम्ही तिघंच होतो — शालन, सायराबाई, मी. सायराबाई म्हणाल्या, "एवढ्याशा अंगाला परत नको." मी त्यांना झापलं — डॉक्टर कोण आहे इथं? — आणि दुसरी पुरी मात्रा माझ्या हाताने टोचली.

मी बोललो नाही. बोलल्या सायराबाई. "मावशी, पोरीत कसलीच खोट न्हाई. काल औषध जास्त झालं. माझ्या हातनं."

सासूने त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि सुनेला घरी नेलं. त्याच गाडीतून, नवऱ्याच्या शेजारी बसून, सगळ्यांकडे बघत शालन गेली. सासरीच नांदली. आता नातसुना आहेत तिला.

गावाने चावडीपुढे मला फेटा बांधला. मी बांधून घेतला. सायराबाईंच्या हातची सुई मात्र बायका नको म्हणू लागल्या. वर्षाच्या आत त्या सांगलीला निघून गेल्या. मी थांबवलं नाही.

शालनची मान सायराबाईंनी सरळ केली. वाकडी मी केली होती.