रिकाम्या लॅबमधला तास

ज्याच्या वर्गाला भुतंसुद्धा वेळेवर येऊन बसत असतील, असा मास्तर अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच: पुसदच्या आमच्या कॉलेजात माहिती-प्रणाली शिकवणारे सर. मी त्यांचा विद्यार्थी, आणि आता त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो. आमच्याकडे पोरं प्रवेश घेतात ती थेट परीक्षेला उगवतात. मधल्या काळात बाकीचे प्राध्यापक चहा पिता पिता डायरीत तास लिहून टाकतात. सरांना ते जमत नाही. "तास लिवाचा अशीन तर घ्या बी लागते," म्हणतात, आणि रिकाम्या लॅबमध्ये जाऊन शिकवतात. नुसतं शिकवत नाहीत, प्रश्न विचारतात, उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ थांबतात, मान डोलावतात. दारावरून जाताना मी कितीदा तरी चपला हातात घेतल्या आहेत. कोणाचा अभ्यास मोडू नये म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.

मास्तरांना मोजायला वरून तीन रकाने येतात: शिकवणं, संशोधन, सेवा. जी कोणी वाचत नाही अशा नियतकालिकांत पैसे भरून लेख छापले की संशोधन होतं. सरांनी झरी जामणीकडच्या एका कोलाम आदिवासी पाड्यावर दोन उन्हाळे राहून, मोहफुलांचं वजन मोबाइलवर कोलामीतून बोलून सांगणारी प्रणाली बनवली. काट्यावरची फसवणूक थांबली. पण लेख नाही, म्हणून ते संशोधन नाही. बॅनर धरलेला फोटो नाही, म्हणून सेवाही नाही. फोटो काहून नाही, असं विचारल्यावर सर म्हणाले, "बॅनर धराले बाया रिकाम्या नव्हत्या." अशा रकान्यांना आग लावावी असं मला वाटतं, सरांना नुसतं हसू येतं.

सरांची निवृत्ती जवळ आली होती. प्रोफेसरपद यंदा नाही तर कधीच नाही, आणि तेही शिकवण्याच्या गुणांवरच मिळालं तर. तास बघून गुण देणारी समिती यायच्या दिवशी प्राचार्य हात जोडून म्हणाले, "सर, कॉमर्सचे पोरं आणून बसवतो. घंटाभराचाच प्रश्न आहे."

"उसने पोरं नाई पाहिजे मले."

भर दुपारी समितीचे तिघे लॅबमध्ये शिरले. मी मागे उभा होतो. पडदे ओढलेले, काळे पडदे घातल्यासारखे बंद मॉनिटर, आणि सर बोलत होते. "एकच नोंद दोन जागी ठेवली तर काय होईन?" ते थांबले. खिडकीकडे पाहून म्हणाले, "हां, बोल बेटा." आम्ही सगळेच त्या उत्तराची वाट पाहू लागलो. "बरोब्बर," सर म्हणाले. अध्यक्षांनी खिडकीजवळची खुर्ची ओढली.

"तिथं नका बसू साहेब. मागं जागा आहे."

अध्यक्षांनी चटका बसल्यासारखा हात काढला. समितीतल्या बाईंचा पेन खाली पडला, तेव्हा त्या शेजारच्या रिकाम्या बाकाला "सॉरी" म्हणाल्या. पुढचा तासभर कोणी खोकलंही नाही.

प्राचार्यांच्या खोलीत घाम पुसत अध्यक्षांनी शिकवण्याचे पूर्ण गुण दिले आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "विद्यार्थ्यांची उपस्थिती उत्तम." ते थट्टा करत नव्हते.

"साहेब, वर्गात कोनीच नव्हतं," सर म्हणाले. प्राचार्यांनी डोळे मिटले.

"मग मला तिथं बसू का दिलं नाहीत?"

"तिथं त्या मोहाच्या पाड्यावरची एक पोरगी बसत जाय. हुशार होती. घरच्यायनं लग्न लावून देल्लं. तिची जागा कोनी घेऊ नये वाटते."

अध्यक्षांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी उपस्थितीचं ते वाक्य खोडलं, आणि त्याबरोबर गुणही.

व्हरांड्यात मी चिडून म्हणालो, "सर, ते एक वाक्य तसंच राहू दिलं असतं तर प्रोफेसर झाले असते तुम्ही!"

"झालो असतो न. पन मंग त्या पोरीची बी हजेरी लागली असती. ती गेली हे कोनाले समजलंच नसतं."

माझ्याजवळ घोषणा पुष्कळ होत्या. त्यातली एकही त्या मुलीच्या सासरपर्यंत पोचणारी नव्हती. सरांनी घड्याळ पाहिलं, पुढचा तास त्यांचाच होता. लॅबपाशी गेले, आणि आत शिरण्याआधी त्यांनी दारावर हलकेच टिचकी मारली.