गाव न विचारता

देहूरोडच्या बाजारात इंदुताईंची पिठाची गिरणी आहे. तिच्या कडेने एक लोखंडी जिना वर जातो. वरच्या दोन खोल्यांना पाटी नाही. पाटी असती तर जिना चढणाऱ्या प्रत्येक मुलीकडे अख्खा बाजार बघत राहिला असता. म्हणून पत्ता सांगायचा तो एवढाच: गिरणीच्या वर.

विजयश्री या खोल्यांतल्या समुपदेशन केंद्रात नऊ वर्षं बसली. कुणाला नोकरीच्या नावाखाली आणलेलं असायचं, कुणाला लग्नाच्या. आणून माणसांच्या हवाली केलेलं. सुटका झाल्यावर, पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात, ती मुलं तिच्यासमोर येऊन बसायची. पुढे ती दुसऱ्या समुपदेशकांना शिकवू लागली. अशा मुलांशी बोलायचं कसं, आणि कधी बोलायचंच नाही. तळेगावहून, चाकणहून, पिंपरीहून बाया यायच्या, एखादा पुरुषही यायचा. सहा महिने दर शनिवारी.

शिकवणं म्हणजे तालीम. विजयश्री मुलगी व्हायची आणि शिकणारी समुपदेशक. विजयश्री खुर्चीत अशी काही आक्रसून बसायची की नव्या बायांना आपण कुणाशी बोलतोय याचा विसर पडायचा.

मार्चमधल्या एका शनिवारी अंजलीची पाळी होती. अंजली तळेगावची. बोलकी, मायाळू. तिने सुरुवात उत्तम केली.

"कुठं बसशील? दाराजवळ की खिडकीजवळ?"

विजयश्री दाराजवळ बसली.

"दार उघडं राहू दे का?"

विजयश्रीने मान डोलावली आणि ती गप्प राहिली. अंजलीही गप्प राहिली. एक मिनिट, दीड मिनिट. खालून गिरणीची घरघर येत होती. शेवटी अंजलीला ती शांतता सोसवेना. ती पुढे वाकली आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "कुठली गं तू? गाव कोणतं तुझं?"

"थांब," विजयश्री म्हणाली.

मागे बसलेली स्वरूपा हसली. "ताई, जाऊ द्या ना. आपल्याकडे रिक्षावालासुद्धा आधी गावच विचारतो. माझा नवरा बघायला आला तेव्हा त्यानेही आधी गाव विचारलं, मग नाव."

"आणि अजून आडनावात चुकतो," कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

स्वरूपाचं खोटं नव्हतं. या पट्ट्यात जो तो कुठून तरी आलेला. बीडचा, धाराशिवचा, रत्नागिरीचा. कंपनीच्या गेटवर, पाण्याच्या रांगेत, खोली भाड्याने घेताना ओळख सुरू होते ती गावापासून. गाव विचारणं म्हणजे माणसाला आपलं म्हणणं.

विजयश्री हसली नाही. म्हणाली, "ही चूक मी केलीय. याच खोलीत."

आजवर तिने हे कुठल्याच तुकडीला सांगितलं नव्हतं.

विजयश्रीचे वडील कोंडीराम औसा तालुक्यातून आले आणि पिंपरीतल्या एका कारखान्यात तीन शिफ्टमध्ये तीस वर्षं राबले. त्यांचं बोलणं हळूहळू इथलं झालं. आईचं झालं नाही. "काय करलालीस गं?" असं ती शेवटपर्यंत विचारायची. विजयश्री शाळेत एक मराठी बोलायची आणि घरात शिरताना दुसरी. आई गेली, त्यानंतर घरातली ती मराठी तिच्याशी कुणी बोललं नाही. कुठे बसमध्ये, दवाखान्यात तो हेल कानावर पडला की ती वळून बघायची.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. अठरा पूर्ण व्हायला तीन महिने कमी. मुलींच्या संस्थेत राहायची, तिथली ताई तिला घेऊन यायची. पहिल्या दिवशी विजयश्रीने तिला वही दिली आणि सांगितलं, "ही इथंच कपाटात राहील. तुझ्याशिवाय कुणी उघडणार नाही. तू कधीही ये."

घडलेलं सांगण्याआधी साधं काहीतरी सांगायची सवय करायची असते. आवडीचं, आपल्याला येणारं. मुलीने धाकट्या बहिणीची वेणी निवडली. पाचव्या भेटीत ती लिहीत होती. आधी तेल, मग भांग, मग तीन पेड. मान खाली, जीभ ओठांवर. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तिने दचकून वर पाहिलं.

"येलालेत का कुणी?"

विजयश्रीच्या कानांत आई बोलली. तिला दुसरं काही ऐकूच आलं नाही. पावलं नाहीत, मुलीची भीती नाही. ती म्हणाली, "अगं, तू तर आमच्या औशाकडची! गाव कोणतं?"

मुलीने पेनाला टोपण लावलं. "पाणी पिऊन येते," म्हणाली आणि खाली गेली.

तिला आणणारा माणूस तिच्याच गावाकडचा होता. हे फाईलमध्ये लिहिलेलं होतं आणि विजयश्रीने ते वाचलेलं होतं. एसटी स्टँडवर त्याने पहिला प्रश्न तोच विचारला होता, त्याच हेलात.

मुलगी परत वर आली नाही. पुढच्या भेटीला तिने नकार दिला. महिन्याने अठरा पूर्ण झाली आणि ती संस्थेतून निघून गेली. चाकणला मैत्रिणीच्या खोलीवर जाते म्हणाली, एवढंच संस्थेला माहीत. शोधायला जायचं नाही हा नियम. दार उघडं ठेवायचं, ओढून आणायचं नाही. विजयश्री हा नियम शिकवत होती आणि चाकणच्या चौकात शिफ्ट सुटताना रिक्षातून उतरणाऱ्या मुलींचे चेहरे बघत होती.

"वही?" अंजलीने विचारलं.

"आहे. शेवटची ओळ 'मग रिबीन' अशी आहे. माझ्यासमोर लिहिली गेली तेवढीच मला माहीत. मी उघडलेली नाही."

मग अंजलीने खुर्ची सरळ केली. "मी परत करते, ताई. पहिल्यापासून."

महिनाअखेरीला केंद्र तळवड्याला हलणार होतं. जागा मोठी, लिफ्ट असलेली, खिडक्यांना जाळ्या. सगळे खूश होते. विजयश्रीने दोनदा मुदत वाढवून मागितली, तिसऱ्यांदा मागायला तिच्याकडे कारण नव्हतं. खरं कारण अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं. ती मुलगी आलीच तर गिरणीच्या वर येईल. दुसरा पत्ता तिला माहीत नाही.

कपाटं टेम्पोत चढली त्या दुपारी इंदुताई हात पुसत बाहेर आल्या. साठीच्या, पापण्यांवर कायम पीठ.

"चालला व्हय गं बाई? आता जिना सुना पडंल." मग सहज म्हणाल्या, "ती एक पोरगी यायची बघ, ती कुणाची?"

"कुठली पोरगी?"

"अगं, समोरच्या स्टॉपवर हुबी ऱ्हायची. दोनदा आली, दिवाळीच्या आधी. वर बघायची नुसती. दुसऱ्या टायमाला रस्ता ओलांडून हितं पायरीपातूर आली. मी म्हनलं, लाजतीय जनू. म्हनलं, ये की बाळा, कुठली तू, गाव कंचं? तर गेलीच की निघून."

विजयश्री पायरीवर बसली.

"काय झालं? माझं काय चुकलं का?"

"नाही, ताई. तुमचं नाही."

टेम्पोवाला हॉर्न देत होता. तिने त्याला पुढे व्हायला सांगितलं. मग एका कागदावर तळवड्याचा पत्ता आणि फोन नंबर लिहिला. त्याच्या पाच-सहा प्रती काढून आणल्या आणि इंदुताईंच्या गल्ल्याजवळ खिळ्याला अडकवल्या.

"कुणीही विचारलं तर एक द्यायची. आणि ताई, गाव विचारायचं नाही."

"मग काय इचारू? मानसाशी बोलायचं तरी कसं?"

"शिकवते."

"मला? ह्या वयात?" इंदुताई पदर तोंडाला लावून हसल्या. पण गिऱ्हाईक नव्हतं. त्या तयार झाल्या.

विजयश्री रस्ता ओलांडून स्टॉपवर गेली. तिथून तिने वरच्या खिडकीकडे पाहिलं. पडदे काढलेले होते. ती परत आली आणि पायरीशी थांबली.

"वर कुणी आहे का?"

"न्हाई गं, तू कुठ..." इंदुताईंनी जीभ चावली. "थांब थांब. परत."

दुसऱ्यांदा त्यांनी नाव विचारलं. "नावबी न्हाई? बरं बाई."

तिसऱ्यांदा विजयश्री आली तेव्हा इंदुताई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी स्टूल पुढे केलं, दाराकडे तोंड करून. तांब्या ठेवला. खिळ्यावरची चिठ्ठी काढून स्टुलाच्या कडेला ठेवली. "वरच्या बाई हितं गेल्यात. तुझं जे हाय ते त्यांनी नीट ठिवलंय," असं म्हणून त्या चक्कीकडे वळल्या.

आता चिठ्ठी घेऊन उठायचं होतं. तालीम संपली होती. विजयश्री उठली नाही. समोरच्या स्टॉपवर बस थांबली, माणसं उतरली, पांगली. तिने एकेक चेहरा पाहिला. तिच्या तोंडून आपोआप निघालं, घरातल्या त्या मराठीत, कितीतरी वर्षांनी.

"येलालेत का कुणी?"

इंदुताईंनी रस्त्याकडे नीट पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"न्हाई बाळा," त्या म्हणाल्या. "कुनी न्हाई. तू बस निवांत."