ताटातल्या गोळ्या

गोळ्या प्रसादाच्या ताटातून द्यायची कल्पना माझी होती. हे मी आजवर फक्त तीन ठिकाणी बोललो आहे आणि तिन्ही वेळा उशिरा.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही नेरुळच्या नव्या सोसायटीत राहायला आलो. मी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. इमारतीत सगळेच नवखे, कुणी दादरहून आलेलं, कुणी साताऱ्याकडून. ओळखी व्हाव्यात म्हणून दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी महाराजांची उपासना सुरू झाली, आणि वर्षभरात तिचं मंडळ झालं. मंडळाने सेवेसाठी खाडीपलीकडचं एक बेट निवडलं. तिथे वीज नव्हती, दवाखाना नव्हता. कुणी आजारी पडलं तर भरतीची वाट पाहून होडीत घालून आणायचं. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सातआठ जण औषधांच्या पेट्या, वजनकाटा आणि महाराजांची तसबीर घेऊन तिकडे जायचो. शाळेच्या ओसरीवर आधी प्रार्थना, मग आत वर्गात तपासणी, तपासून बाहेर येणाऱ्याला औषध आणि प्रसाद, असा क्रम ठरलेला.

डॉक्टर एकच होते. शिरवण्यात त्यांचा छोटा दवाखाना होता. ते उरणकडच्या जुन्या मुसलमान घरातले, वयाने माझ्याएवढेच. पहिल्या फेरीला आमच्या अध्यक्षांनी त्यांना जरा अवघडून विचारलं, "आमची प्रार्थना असते आधी. तुम्हाला चालेल ना?" ते म्हणाले, "होडी तुमची, औषध माझं. वल्हवणारा एकच आहे." प्रार्थना चालू असताना ते बाहेर पायरीवर बसून पेट्या लावत.

औषधवाटप माझ्याकडे होतं. लवकरच माझ्या लक्षात आलं की लोक गोळ्या नेतात, पण खात नाहीत. गोळी गरम पडते म्हणायचे. एका घरात मी आधीच्या तीन महिन्यांच्या पुड्या कौलाखालच्या फटीत खोचलेल्या पाहिल्या. आणि हेच लोक प्रसादाचा बत्तासा दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत, एक कणही खाली सांडू देत नसत. ते पाहून मला सुचलं. पुढच्या फेरीपासून मी औषधाच्या पुड्या ताटात फुलांजवळ मांडायला लागलो. पुडी हातावर ठेवताना म्हणायचो, "महाराजांचा प्रसाद समजून घ्या." गोळ्या खाल्ल्या जाऊ लागल्या. मंडळाच्या सभेत माझं कौतुक झालं, नारळ मिळाला; पुडी देताना मी काय म्हणतो, ते तिथे कुणी विचारलं नाही. डॉक्टर तेव्हा आत रोगी तपासत असत. ताटाचं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. का नाही, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. ते नको म्हणाले असते.

त्याच सुमारास ती आली. तिशीच्या आतली, दोन मुलांची आई. ओहोटीला खडकावरची कालवं फोडून विकायची. चार महिन्यांपासून खोकला, संध्याकाळी ताप. थुंकी तपासल्यावर क्षयरोग निघाला. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "रोज घ्यायच्या. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. सहा महिने." तिने मान हलवली. मग ती ओसरीवर माझ्याकडे आली. महिनाभराच्या गोळ्यांची जाड पिशवी मी अंगारा लावून तिच्या हातात ठेवली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. तिने पिशवी कपाळाला लावली आणि पदराखाली घेतली.

दोन महिन्यांत तिचं वजन वाढलं, ताप गेला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की एक जीव वाचला.

तिचं औषध सुरू झाल्यापासूनच्या चौथ्या फेरीला आम्ही धक्क्यावर उतरलो तर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला हाक मारली.

"भाऊ, तुमचे म्हाराजांचा परसाद मना लागला. माझा मूत भगवा जाला."

शेजारचा दुसरा हसला. "याला सांगा, आता काशीला जावाची गरज नाय."

"तू नको हसू. तुझा बी भगवाच हाय. सकाळी खडकावर कोन बोंबलत व्हता?"

"माझे बायकोचा पन," तिसरा म्हणाला. "घरात सगली साधू जाली."

आमच्यातल्या दोघांनी भक्तिभावाने हात जोडले. मीही हसत होतो. मागे वळलो तर डॉक्टर जागच्या जागी उभे. हातातली पेटी त्यांनी खाली ठेवली. क्षयाच्या त्या लाल गोळीने लघवी केशरी होते, हे मला त्यांनीच पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. अख्ख्या बेटावर ती गोळी फक्त एका बाईला दिली होती.

आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. ती दारात मुलीची वेणी घालत होती. आम्हाला पाहून उठताना तिला खोकल्याची उबळ आली आणि तिने पदर तोंडाशी धरला. पदरावर रक्त होतं.

"गोळ्या कुणाला दिल्यास?" डॉक्टरांनी विचारलं.

ती गोंधळली. "सगल्यांना. शेजारी बी खोकतान. परसाद एकटीनं कसा खावाचा, डाक्टर? पाप लागतंय."

"प्रसाद?"

"आधी घराघरात वाटायचा, मंग उरल ता आपन घ्यावाचा."

आमच्याकडेही असंच करतात. सत्यनारायणाचा शिरा आधी शेजारी जातो, मग घरच्यांच्या ताटात पडतो. हे लहानपणापासून मी पाहत आलो होतो, आणि तरी मला ते सुचलं नव्हतं.

डॉक्टरांचा आवाज चढला नाही. "हा प्रसाद आहे, असं तुला कुणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून चपलेचा पट्टा सरळ करू लागलो.

"कोनी नाय," ती म्हणाली. "मनाच तसा वाटला."

मी पट्टा सरळ करतच राहिलो.

परतताना होडीत डॉक्टर एवढंच म्हणाले, की अर्धवट घेतलेलं हे औषध न घेतलेल्याहून वाईट. रोग त्याला सरावतो. तिला आता मुंबईला मोठ्या रुग्णालयात ठेवावं लागेल. ती व्यवस्था त्यांनी स्वतः केली.

पुढच्या गुरुवारी मंडळाची सभा झाली. डॉक्टरांनी सांगितलं की औषध आणि प्रसाद यांची गल्लत होते आहे, यापुढे दोन्ही वेगळं ठेवा, शक्य तर वेगळ्या दिवशी द्या. ते निघून गेल्यावर चर्चा झाली. मुंबईतल्या दंगलींना फार काळ लोटला नव्हता. एक जण म्हणाला, "प्रसाद त्यांना खुपणारच." दुसरा म्हणाला, "बाईला नीट समजावून सांगणं हे डॉक्टरचं काम. आता खापर महाराजांवर." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही होता ना तिथे? बाई काय म्हणाली?"

मी म्हणालो, "तिला स्वतःलाच तसं वाटलं, असं म्हणाली."

तिने मला झाकलं होतं, ते पांघरूण मी तिथे अंगावर ओढून घेतलं. त्यानंतर डॉक्टरांना कुणी बोलावलं नाही. पुढच्या महिन्यापासून दुसरे डॉक्टर आले.

पाचसहा महिने मी असेच काढले. कचेरीत फायलींवर शेरे लिहिताना मध्येच तिचा चेहरा दिसायचा. शेवटी एका संध्याकाळी शिरवण्याला गेलो. रोगी संपेपर्यंत बाकावर बसलो आणि डॉक्टरांना ताटाचं सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "मला सांगून काय होणार?" ते म्हणाले. "तिला वाटतं, आपण गोळ्या वाटल्या हाच गुन्हा. मी दर वेळी जातो तेव्हा माझी माफी मागते. तिला जाऊन सांगा."

रविवारी मी रुग्णालयात गेलो. ती ओळखू येत नव्हती, खांद्यांची नुसती टोकं उरली होती. मला पाहून तिने उठून बसायचा प्रयत्न केला. मी म्हणालो, "ताई, तुमचं काही चुकलं नाही. प्रसाद वाटायचाच असतो. पण तो प्रसाद नव्हता. ते औषध होतं, आणि प्रसाद मी म्हटलं होतं."

"मना म्हायती हाय तुमी बोललाव ता," ती म्हणाली. थोडा वेळ दम घेतला. "पन परसाद नव्हता तं तुमी परसाद कनाला बोललाव?"

"तुम्ही गोळ्या घ्याव्यात म्हणून."

"डाक्टरनं सांगितलेला ना. घेतल्याच असत्या मी."

एवढंच बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. रागाने की थकून, ते मला कळलं नाही. मी आणलेली मोसंबी कॉटखाली ठेवली आणि आलो.

त्या गुरुवारी मी सभेत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ताट माझं, वाक्य माझं, आणि मागच्या वेळी मी इथे खोटं बोललो तेही. मग आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ म्हणाले, "तुमचा भाव शुद्ध होता. महाराज सगळं जाणतात." दोघाचौघांनी माना डोलावल्या. कुणी तरी माझ्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरांना परत बोलवावं, असं मी म्हणालो, त्यावर पुढे बघू असं ठरलं आणि विषय होडीच्या वेळेवर गेला.

त्या रात्री घरी चालत येताना मला हलकं वाटत होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. ती अजून त्या कॉटवर होती, डॉक्टर परत आलेच नाहीत, आणि मला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली. शिमग्याच्या आधी ती गेल्याचं मला डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून कळलं. ताटाची क्षमा मी कधीकधी स्वतःला करतो, अज्ञान म्हणून. त्या झोपेची मात्र करता येत नाही.