कापूसचे केस अजून कापलेले नाहीत

मयत : श्रीमती कुमुद वसंत पाटणकर, मूळच्या सातारा जिल्ह्यातील, राहणार मानक नगर, लखनौ. रेल्वेतील एका दिवंगत इंजिनियराच्या पत्नी. घटना : फाल्गुन सरता सरता, सकाळच्या चहाआधी, राहत्या घरी हृदयक्रिया बंद पडून. साक्षीदार : एक, जात ल्हासा आप्सो, नाव कापूस. तक्रारदार : प्रस्तुत लेखक शिंदे, कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बसणारा अर्जनवीस.

मृत्यूबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्यानंतर जे घडले, त्याबद्दल आहे. परंतु ती समजण्यासाठी बाई समजल्या पाहिजेत.

बातमी त्यांच्या शेजारीण मिश्राबाईंनी फोनवरून दिली. “भैया, आंटीजी नहीं रहीं. कुत्ता चौखट से हट ही नहीं रहा.” टाइपरायटरवर कुणाच्या तरी नालीच्या भांडणाचा कागद चढवलेला होता. तो तसाच सोडून मी निघालो… नंतर तो कुणी काढला, मला ठाऊक नाही.

आमची ओळखही तक्रारीतूनच झाली. कापूसच्या भुंकण्याविरुद्ध कॉलनीतल्या एका साहेबांनी वर लिहिले होते आणि बाई उत्तर लिहून घेण्यास माझ्या टेबलापाशी आल्या. माझे शिक्षण दहावीच्या आत आटोपले असले, तरी माझा मजकूर वकीलही फिरवीत नाहीत, हे कचेरीत सर्वश्रुत आहे. बाईंनी तो फिरवला. मी कुत्र्याला ‘निरीह प्राणी’ म्हटले होते. आम्ही दोघेही मराठी, हे एव्हाना एकमेकांना कळले होते. त्या म्हणाल्या, “शिंदेभाऊ, निरीह कसला, चांगला चावरा आहे. खरं ते लिहा. भुंकतो तेही लिहा. तिकडे तिबेटात मठांच्या आत बसून परक्याची चाहूल द्यायची, हेच यांचं काम होतं. साहेब परके वाटले त्याला, त्यात त्याचा काय दोष?” मी तसेच लिहिले. साहेब पुन्हा बोलले नाहीत.

तिबेटी जातींच्या शौकिनांचे एक मंडळ या शहरात आहे. बाईंनी मला त्यांच्यात नेले, म्हणून मी ते जग पाहिले. कुणाचा तिबेटी मॅस्टिफ वाघाएवढा, वातानुकूलित खोलीत बांधलेला. मालक त्याचे फोटो दाखवतो, कुत्रा दाखवत नाही. कुणाची टेरियर, कुणाचे स्पॅनियल. शेपटी पाठीवर किती वळली, जबडा कसा मिटतो, यावर माणसे चहा गार होईस्तोवर भांडतात. आणि ल्हासाच्या बाबतीत शेवटचा शब्द केसांचा. केस जमिनीला टेकले पाहिजेत, डोळ्यांवरून पडद्यासारखे उतरले पाहिजेत. त्यांना तेल लावून, कागदात गुंडाळून, रबराने बांधून ठेवतात. प्रदर्शनाच्या सकाळी सोडतात. ज्याचे केस कापले, तो कुत्रा ते पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत रिंगणातून बाद.

एका हिवाळ्यात कापूस साऱ्या ल्हासांत पहिला आला. मंडळाचे सचिव तिवारीजी, ज्यांची मलिहाबादला आंब्याची बाग आहे, त्यांनी त्याला खांद्यावर घेऊन फोटो काढवला. चैत्र आला आणि बाईंनी त्याचे सगळे केस कातरले. दर चैत्रात त्या कातरीतच, हिवाळ्यापर्यंत ते पुन्हा वाढत. पहिला आलेल्यालाही सूट मिळाली नाही, इतकेच. मंडळाची बैठक बसली. मी बाईंच्या शेजारी होतो.

“भाभीजी, नस्ल की इज़्ज़त का सवाल है,” तिवारीजी म्हणाले.

“इज़्ज़त आपकी और हाँफे वो? आप मई भर शेरवानी पहनकर बैठिए, तिवारीजी. मैं कैंची रख दूँगी.”

लोक हसले. तिवारीजी हसले नाहीत. बाईंचे नाव मंडळातून काढण्यात आले.

केस कापण्याची बाईंची रीत ठरलेली होती. पेरूच्या झाडाखाली गोणपाट, मी उकिडवा, कापूसची हनुवटी माझ्या तळहातावर. त्या पाठीला हात लावीत नसत. पहिली कातर डोळ्यांवरच्या झुलपांना. “आधी त्याला दिसू दे, शिंदेभाऊ. मग बाकीचं.” तो चावरा प्राणी तेव्हा माझ्या हातात जड डोके टाकून स्वस्थ असे. कापलेले केस बाई कुंपणावर पसरत. बुलबुल ते घरट्यासाठी नेत आणि कापूस उघड्या डोळ्यांनी त्यांच्यावर भुंके.

यंदा कातरी धारेला टाकलेली होती. ती परत येण्याआधी बाई गेल्या.

बाईंचा मुलगा लखनौत हिंदीतच वाढलेला, आता बंगळूरला असतो. क्रियाकर्म उरकून त्याने कापूस तिवारीजींच्या स्वाधीन केला. मी हरकत घेतली, तेव्हा म्हणाला, “अंकल, वहाँ एसी है, डॉक्टर है. माँ की सोसायटी के लोग हैं.” माँ की सोसायटी! ज्यांनी माँचे नाव काढले, ते.

आणि मग शोकसभा. मलिहाबादला, बागेतल्या बंगल्यात. बाईंच्या फोटोला हार, आणि फोटोखाली गालिचा टाकलेल्या टेबलावर कापूस, टेबलाच्या कडेखाली ओघळणारे केस, कपाळावर काळी रिबीन. तिवारीजींचे दुःख खोटे नव्हते, हे मला शपथेवर सांगता येईल, आणि म्हणूनच माझा संताप अधिक आहे. ते म्हणाले, भाभीजींच्या आठवणीत आता या केसांना कैंची लागणार नाही. येत्या हिवाळ्यात कापूस त्यांच्या नावाने रिंगणात उतरेल. टाळ्या पडल्या. तेवढ्यात बंगल्याची वीज गेली आणि एसीची घरघर थांबली. त्या शांततेत सर्वांना एकच आवाज ऐकू आला, कापूसच्या धापेचा.

मी उभा राहून म्हणालो, “भाभीजी हर चैत में काटती थीं. याद करनी है तो काटिए.”

“आप अर्ज़ियाँ लिखिए, शिंदेजी,” मॅस्टिफचे मालक म्हणाले. “ब्रीड की बात ब्रीड वालों पर छोड़िए.”

मी टेबलापाशी गेलो. केसांमागून त्याला मी दिसणे शक्य नव्हते. त्याने हवा हुंगली, पुढे सरकला आणि आपली हनुवटी माझ्या तळहातावर ठेवली, चैत्रात ठेवतो तशी… आणि थांबला. माझा दुसरा हात रिकामा होता. दोन माणसांनी मला दंडाला धरून बाजूला केले. तिवारीजींनी रिबीन सरळ केली.

ज्या बाईने जिवंतपणी एक गोष्ट हट्टाने केली, तीच गोष्ट तिच्या नावाने बंद करणे, याला श्रद्धांजली म्हणतात काय? माझ्या टेबलावर खोटे दस्त करणारे येतात, भावाला मेलेला दाखवणारे येतात. त्यांना आपण काय करतो ते ठाऊक असते. या मंडळींना तेवढेही ठाऊक नाही.

कातरी मी धारवाल्याकडून सोडवून आणली आहे. टेबलाच्या खणात, स्टॅम्पपेपरांच्या शेजारी असते. कागद काढताना हाताला लागते.

सबब विनंती की, मंडळाने कापूस यास एका सकाळपुरते मानक नगरच्या पेरूखाली आणावे. गोणपाट मी आणीन. प्रदर्शनातील मान, फोटो, ढाल यांवर माझा कोणताही दावा नाही. कापूस नंतर मंडळानेच परत न्यावा. तेही मान्य नसल्यास, निदान डोळ्यांवरचे केस कापून त्याला दिसू द्यावे. उत्तर लेखी द्यावे, आणि लू, म्हणजे इकडचा उन्हाळी झळांचा वारा, सुटण्यापूर्वी द्यावे. कुंपणावर बुलबुल येऊन बसू लागले आहेत.